धबधबा ऐकू येत असताना

धबधब्याचा आवाज येत होता, तोंडावर तुषार उडत होते, वाट शाबूत होती, पाऊस पडत नव्हता. मग दादाला घेऊन तुम्ही परत का फिरलात? गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की विचारणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच तो मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येतो. पुतण्यांनी विचारला, वहिनींनी एकदाच पण सर्वांत नीट विचारला, बरोबरीने डोंगर चालणाऱ्या मित्रांनी विचारला, आणि ज्यांनी जंगलातली वाट कधी तुडवली नाही त्यांनी सर्वांत ठामपणे विचारला. आजवर मी प्रत्येकाला निराळे आणि बहुतेक वेळा तुटक उत्तर दिले. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी सगळे एकदा लिहून काढतो; लिहून झाल्यावर तुमचे समाधान होईल, अशी हमी मात्र मी देत नाही.

पहिली गोष्ट त्या दहा मिनिटांची. ‘अवघ्या दहा मिनिटांवरून परतलात’ असे जो तो म्हणतो, आणि हा आकडा दुसऱ्या कुणी पसरवलेला नाही, तो माझाच आहे. दमलेल्या माणसाला धीर देण्यासाठी वाट दाखवणारा जे आकडे सांगत असतो, त्यांतलाच तो एक. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा मांडला: तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशेबाने चार किलोमीटरची आणि तीनशे मीटर चढाची आमची वाट सव्वा तासात संपायला हवी होती. पण हा ठोकताळा धडधाकट माणसासाठी आणि मोकळ्या वाटेसाठी आहे. उघड्या मुळांवरून, शेवाळलेल्या दगडांवरून, दर शंभर पावलांना थांबून झाडांचे शेंडे बघणाऱ्या चौसष्ट वर्षांच्या माणसाबरोबर चालताना तो लागू पडत नाही, हे ठाऊक असूनही मी घरी त्याच हिशेबाने वेळ सांगितली होती. ओढा तिसऱ्यांदा ओलांडायच्या जागी आम्ही पोहोचलो तेव्हा निघून अडीच तास झाले होते. तिथून धबधबा दहा मिनिटांवर नव्हता, हे मला पुढे कळले. ते नंतर सांगतो.

दुसरी गोष्ट पावसाची. डोंगराच्या धारेवरून चालताना ढग लांबून येताना दिसतो. दाट झाडीच्या दरीत डोक्यावर आभाळाची एक चिंचोळी पट्टी असते, तीही पानांआड. पाणलोटाच्या वरच्या टोकाला काय चालले आहे ते दिसत नाही, आणि ओढ्याच्या खळखळाटात दूरची गडगड ऐकूही येत नाही. अंगावर एक थेंब न पडता ओढा फुगतो तो यामुळेच: पाऊस पडतो तिथे आपण नसतो, पण त्याचे पाणी जिथून जाते तिथे आपण उभे असतो. तेव्हा ‘पाऊस पडत नव्हता’ हा मुद्दा कृपा करून मला पुन्हा सांगू नका. या सगळ्या प्रकरणात तेवढ्या एकाच बाबतीत मी आजही निःशंक आहे.

आता त्या जागेविषयी. तिथे ओढा रुंद होतो आणि सात-आठ दगडांच्या रांगेवरून तो ओलांडावा लागतो. मधल्या काळ्या दगडावर पांढऱ्या गारगोटीची एक तिरपी रेघ आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ती वरपासून खालपर्यंत कोरडी दिसत होती. पाण्याच्या जागी थांबलो की एखादी खूण धरून ठेवायची, ही माझी जुनी सवय. दादा आडव्या पडलेल्या एका खोडावर, ओढ्याकडे पाठ करून बसला. त्याने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवली आणि मग तो पँट दुमडू लागला. प्रत्येक घडी तळहाताने दाबून, इस्त्री फिरवावी तशी तो बसवत होता. घाई अशी त्याने आयुष्यात कधी केलेली नाही. समोरच्या वळणामागून येणाऱ्या वाऱ्याने चष्म्यावर बारीक थेंब जमत होते आणि ते न पुसताच तो म्हणाला, “चला, एकदाचा बघू या तुझा धबधबा.”

त्याच वेळी मला पाण्यात एक डहाळी दिसली. वाळकी पाने ओढ्यातून वाहतच असतात, त्यांचे काही नाही. ही डहाळी हिरवी होती, पाने टवटवीत होती, आणि तिचे तुटलेले टोक ताजे, पांढुरके होते. तिच्यामागून दुसरी आली. मग काठाकाठाने फेसाची एक ओळ सरकत आली. मी खाली वाकून पाहिले तर मघाशी तळाचे जे खडे मोजता आले असते, ते आता दिसत नव्हते. पाण्यात फिकट पिवळेपणा उतरला होता. मान वर करून मी त्या दगडाकडे पाहिले, तर रेघेचे खालचे टोक पाण्यात गेले होते. रेघेचा तिसरा हिस्सा, असे मी त्या रात्री वहीत लिहिले आहे. म्हणजे चार बोटे पाणी, जास्त नाही.

“दादा, बूट घाल. परत जायचं.”

“का रे?”

“पाणी चढतंय.”

त्याने मागे वळून पाण्याकडे पाहिले नाही; माझ्याकडे पाहिले. मग अगदी सहज विचारले, “तू गेला होतास ना तेव्हा, मांडीएवढ्या पाण्यातून?” मी उत्तर दिले नाही. “बूट घाल” एवढेच पुन्हा म्हणालो, आणि ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मी त्याच्यासमोर त्याआधी कधी काढला नव्हता. नाड्यांची गाठ तुषारांनी ओली होऊन बसली होती. त्याच्या बोटांना ती सुटेना, माझ्याही सुटेना, शेवटी मी गुडघ्यांवर बसून ती दातांनी सोडवली. चिखलाची चव तोंडात घेऊन मी त्याला आधी उंचवट्यावर चढवले आणि मग परतीच्या वाटेला लागलो.

वाटेत चार तरुण वर जाताना भेटले. मी त्यांना पाणी चढत असल्याचे सांगितले, त्यांनी माना डोलावल्या आणि ते गेले. आमची चाल इतकी सावकाश होती की ते धबधबा पाहून, परत येऊन, आम्हाला गाठून पुढे निघाले, भिजलेले, हसत. एकाने दादाला मोबाइलमधला फोटो दाखवला. “गुडघ्याच्या वर पाणी नव्हतं, काका,” तो म्हणाला. टोचून बोलावे असा काही त्याचा हेतू नव्हता. दादाने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले, “सुरेख” म्हणाला आणि फोन परत दिला. तिथून वाट संपेपर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

चौदा महिन्यांनी घरातल्या कोरड्या फरशीवर घसरून दादाच्या खुब्याचे हाड मोडले. आता तो काठी घेऊन अंगणापर्यंत चालतो. धबधबा राहिला तो राहिलाच, आणि म्हणूनच तुम्ही हा प्रश्न मला विचारता, हे मला समजते. तो धडधाकट असता तर ती फसलेली सहल एव्हाना सगळे विसरून गेले असते.

माझी बाजू मांडायची तर ती अशी. चार बोटे पाणी ऐकायला किरकोळ वाटते. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या सूचनांत पुराचे वेगाने वाहणारे अवघे १५ सेंटिमीटर पाणीही प्रौढ माणसाचे पाय उखडू शकते असे सांगितलेले आहे, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे साधे भौतिकशास्त्र आहे. एक घनमीटर पाणी १,००० किलो भरते. पाणी गढूळ झाले की पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, आणि दादाच्या पायाला तर कोरड्या दगडावरही भरवसा लागत असे. शिवाय जाताना ओलांडले ते येताना पुन्हा ओलांडायचे असते, हे विचारणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. ते चौघे सुखरूप आले यावरून ते चौघे सुखरूप आले एवढेच कळते.

इथपर्यंत मी ठाम असतो. पण हाच न्याय मला स्वतःला लावला की पंचाईत होते. एकोणतिसाव्या वर्षी मी दुसऱ्या एका दरीत तिघांच्या हातांची साखळी करून मांडीएवढ्या पाण्यातून गेलो होतो आणि पुढली कित्येक वर्षे ती गोष्ट रंगवून सांगत होतो. दादाने ती माझ्याच तोंडून किमान दहा वेळा ऐकली होती. तो तरुण मी मला आजही विचारतो की, माझ्या वेळी पाणी गढूळ नव्हते का, आणि परत फिरणे हे शहाणपण असेल तर ती गोष्ट सांगताना तुझी छाती का फुगत होती? ‘तेव्हा माझा जीव माझा होता, इथे दादाचा होता,’ असे मी त्याला सांगतो. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही, कारण साखळीत माझ्या मागे धरलेले दोन हात दुसऱ्यांचे होते.

साक्षीचेही तसेच. धबधब्याचा आवाज अचानक जड झाला होता, असे मी पूर्वी अनेकांना सांगितले आहे. वाहत्या पाण्याचा नाद त्यातल्या हवेच्या बुडबुड्यांच्या कंपनातून येतो आणि बुडबुडा जितका मोठा तितका त्याचा सूर खालचा, हे डच शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. हे मी त्या दिवसानंतर वाचले, आणि तो जड आवाज मी ओढ्याकाठी ऐकला की वाचल्यावर ऐकला, हे मला आता शपथेवर सांगता येणार नाही. वहीत त्याचा उल्लेख नाही. डोळ्यांचे म्हणाल, तर रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी एक अनुभव नोंदवला: पडत्या पाण्याकडे टक लावून पाहिल्यावर नजर शेजारच्या कड्याकडे वळवली की स्थिर कडा वर सरकताना दिसतो. मीसुद्धा वाहत्या पाण्याकडे बराच वेळ बघून मग त्या दगडाकडे पाहिले होते. अशा भासाने दगड सरकल्यासारखा वाटेल, कोरडी रेघ ओली दिसणार नाही, असे मी स्वतःला बजावतो. आणि हिरवी डहाळी तर भास नव्हती. तेवढी डहाळी मी कधीही सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरात आयुष्यभर दादाने ठरवले आणि मी मान हलवली. शिक्षण, नोकरी, आईचे शेवटचे औषधपाणी, सगळे. त्या काठावर पहिल्यांदा मी सांगत होतो आणि तो बूट घालत होता. पाणी पाहून मी घाबरलो हे खरे, पण “बूट घाल” म्हणताना भीतीखेरीज आणखी काहीतरी त्या आवाजात होते आणि मला ते बरे वाटले होते. त्याच्या संथ चालण्याने मी सकाळपासून आतून चिडलेलो होतो, हेही खरे. यांतले कशाने किती ओढले, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला. दर वेळी बेरीज निराळी येते.

दोन वर्षांनी, सलग आठ दिवस कोरडे गेल्यावर, मी एकटाच तिथे गेलो. रेघ पूर्ण कोरडी होती. पलीकडे वाट संपते आणि घराएवढ्या धोंड्यांवरून हातपाय टेकत चढावे लागते. मला पंचवीस मिनिटे लागली, दादाला तासभर लागला असता. धबधबे कडा खात मागे सरकत असतात, नायगरा सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे गेला आहे, पण माझी दहा मिनिटे त्या कारणाने वाढलेली नव्हती. कुंडापाशी मी अर्धा तास बसलो. घरी ही गोष्ट सांगायला मला तीन महिने लागले. दादाने एवढेच विचारले, “तिथे बसायला जागा आहे का?” मी म्हणालो, आहे.

गेल्या रविवारी धाकट्या पुतण्याने पुन्हा तोच प्रश्न काढला, दादाच्या देखत. मी डहाळीपासून सुरुवात करणार, तोच खुर्चीतून दादा म्हणाला, “अरे, पाणी गढूळ झालं होतं. मी पाहिलं ना.” पुतण्याचे तेवढ्याने समाधान झाले आणि तो उठून गेला. दादाने मला वर्तमानपत्र मागितले, ते मी दिले. तो खोडावर ओढ्याकडे पाठ करून बसला होता, आणि गाठ सुटून उंचवट्यावर चढेपर्यंत त्याने एकदाही वळून पाहिल्याचे मला आठवत नाही.