पहिली रोडबाईक कुठली घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो

गोल्फ क्लब मैदानाजवळ चहाला थांबलं आणि सायकल भिंतीला टेकवली की कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, पहिली रोडबाईक घ्यायचीये, २५-३० हजारांच्या वर जाता येणार नाही, पण पाठ-मान दुखायला नको, कुठली घेऊ?" २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या टीमने रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर माझ्या ओळखीतल्याच कितीतरी जणांनी हे विचारलंय.

कुठली घ्यायची ते नंतर बघू, आधी माप बघा. माझी उंची १६८ सेंटीमीटर, आणि मी पहिली सायकल घेतली ती ५६ साइजची (फ्रेमचं माप, सेंटीमीटरमध्ये), कारण दुकानात तीच शिल्लक होती, डिस्काउंट होता आणि "सीट खाली केली की झालं" असं मला सांगितलं गेलं. सीट खाली होते हो, पण हँडल जवळ येत नाही ना. त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत पोचलो की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर, कारण अंगाचा सगळा भार तळहातांवर यायचा आणि तिथली नस दाबली जायची. छोटा स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, टाकून पाहिला, थोडा फरक पडला, पण फ्रेमच मोठी असेल तर स्टेम तरी किती पुरणार. आठ महिन्यांनी तोटा सोसून विकली आणि ५२ ची घेतली. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय, माप चुकलं तर पुढचं काहीच कामाला येत नाही.

आता कंपनीगणिक ५२ चा अर्थ बदलतो, त्यामुळे वेबसाइटवर जिऑमेट्रीच्या तक्त्यात दोन आकडे बघा, स्टॅक आणि रीच. पेडल जिथे फिरतं त्या मध्यबिंदूपासून हँडलखालच्या नळीचं वरचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि किती पुढे आहे तो रीच. स्टॅकला रीचने भागून उत्तर १.५ च्या आसपास किंवा वर आलं तर बसायला निवांत, १.४ कडे झुकलं तर रेसिंगची, वाकून चालवायची. दुकानात 'एन्ड्युरन्स' म्हणून जी विकतात ती पहिल्या प्रकारची, आपल्याला तीच हवी.

दुसरी गोष्ट टायर, आणि इथे मी अजिबात तडजोड करू देणार नाही. आपल्याकडचे खड्डे, पावसाळ्यानंतरची गिरणाऱ्याकडची खडी, स्पीडब्रेकर, हे सगळं २३ मिलिमीटरच्या बारीक टायरवर थेट मणक्यात जातं. कमीत कमी २८ मिलिमीटर हवं, ३२ बसत असेल तर उत्तमच. घेण्याआधी ब्रेक आणि फ्रेममधली जागा बघा, कारण बऱ्याच जुन्या रोडबाईक्सना २५ च्या वर टायर जातच नाही, सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे आधी तपासा. आणि टायरवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. माझं वजन ६८ किलो, २८ च्या टायरमध्ये मी ७०-७५ पीएसआय (पंपावर दिसणारं दाबाचं माप) ठेवतो.

गिअर किती यापेक्षा दात किती ते मोजा. त्र्यंबकचा रस्ता दिसायला सपाट वाटतो पण जाताना चढच आहे, पावसाळ्यात वर पश्चिमेचा वारा समोरून, आणि पेठ रोडच्या सावळघाटाचं तर विचारूच नका. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी ३२ ची असेल तर गुडघे वाचतात. क्लॅरिस, सोरा या शिमानोच्या गिअर-संचांच्या नावांमध्ये फरक आहेच, पण या बजेटमध्ये त्यापायी मापावर पाणी सोडू नका.

मऊ जेलची जाड सीट मात्र नको. पहिल्या पाच किलोमीटरला छान वाटते, तीसनंतर रुतून घासायला लागते.

३० हजार असतील तर सायकल २५-२६ च्या आतच बसवा. उरलेल्यात हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, प्रेशर दाखवणारा उभा पंप, दोन जादा ट्यूब आणि पॅडिंगची शॉर्ट. आणि दुकानासमोर गोल चक्कर म्हणजे ट्रायल नाही, किमान अर्धा तास चालवू द्या म्हणावं, नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

घरी आल्यावर भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरून पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा, त्याला ०.८८३ ने गुणा. माझं ७९, म्हणजे जवळजवळ ७० सेंटीमीटर, पेडल ज्याभोवती फिरतं त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत. सुरुवात तिथून करा, मग दुखेल तसं वर-खाली करा, पण एका वेळी चार-पाच मिलिमीटरच, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन राइड होऊ द्या.