नंबरिंगचा ठोकळा: आमच्या छापखान्याची वाटचाल

आमचा छापखाना अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. ज्या गावातून 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागले, तिथल्या ख्रिस्ती घरात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवण्याचे कोणाला अप्रूप नसते. वडील आधी कंपोझिटर होते, पुढे त्यांनी जुने ट्रेडल, म्हणजे खिळ्यांवर छापणारे छोटे यंत्र, घेतले आणि त्याबरोबर मला मिळाला सहा आकडी नंबरिंगचा एक पोलादी ठोकळा.

या ठोकळ्याविषयी सांगणे भाग आहे, कारण त्याच्यापायीच आमचे दिवाळे निघायचे होते. फर्म्यात, म्हणजे जुळवलेले खिळे आवळून बसवलेल्या चौकटीत, तो बसवला की प्रत्येक दाबासरशी त्याच्यावरचा ‘नं.’ अक्षराचा खटका खाली जातो आणि आकड्यांची चाके एक घर सरकतात. आम्ही आकडे उतरते चालवतो, म्हणजे गठ्ठ्यात पहिला नंबर आपोआप वर येतो. चाके हाताने मागे फिरवली तर तेच नंबर पुन्हा छापता येतात. 2005 साली विक्रीकराच्या जागी व्हॅट आला आणि बिलबुकांच्या कामाला भरती आली, तेव्हा ज्याच्यावर आमचा निम्मा धंदा चालत होता त्या व्यापाऱ्याने नेमके हेच करायला सांगितले: एकाच नंबरांची दोन बुके, एक दाखवायला आणि एक खरे.

मी नकार दिला. खोट्या तागडीचा देवाला वीट येतो, हे नीतिसूत्रांतले वचन लहानपणी पाठ करून घेतलेले होते. छापखान्यात तागडी नसली तरी नंबरिंग असते. कामगार म्हणाले, लबाडी वापरणाऱ्याची, छापणाऱ्याला कोण विचारतो? काम दुसऱ्या छापखान्यात गेले, आणि त्याचा मालक आमच्याच मंडळीतला, उपासनेत माझ्या पुढच्या बाकावर बसणारा होता. वर्षभरात त्याने ऑफसेट घेतले, मी कटिंग मशीन विकले. क्रूसाचा संदेश जगाला मूर्खपणाचा वाटतो, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे. ते जग एका बाकाच्या अंतरावर बसलेले असते, ही तयारी मात्र माझी कोणी करून घेतली नव्हती. प्रभुभोजनाला त्याच्या शेजारी उभे राहणे मला आजही जड जाते, हे लपवत नाही.

त्या दिवसांत वडील केडगावच्या पंडिता रमाबाईंचे सांगत: निराधार बायकांना खिळे जुळवायला शिकवून त्यांनी स्वतः भाषांतर केलेले मराठी बायबल छापायला घेतले, आणि नफ्याचा हिशेब घातला असता तर पहिला फर्माही चढला नसता. मला तेव्हा कागदवाल्याची उधारी दिसत होती.

टिकून राहिले ते मार्केट यार्डातले एक भुसार अडते. माणूस चिकट, दर पाडून मागणारा. पण आपल्या नंबरांचे दुसरे बुक इथून बाहेर जाणार नाही एवढ्यासाठी ते गाव ओलांडून आमच्याकडे येत, आणि आगाऊ पैसे देत. पुढची वर्षे बरी गेली.

नव्या मुद्रकांनी नंबरिंगचा ठोकळा शाई लागलेला रात्रभर ठेवू नये, रॉकेलमध्ये धुऊन तेलाचा थेंब द्यावा. आणि लग्नपत्रिकेच्या प्रुफावर सही घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नये, मग गिऱ्हाईक सख्खा मामा असला तरी.

त्या पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी आपले ट्रेडल केव्हाच भंगारात घातले. ऑफसेटवर छापलेली त्यांची पावतीपुस्तके आता नंबरिंगला आमच्याकडे येतात. दर सगळ्यांना आहे तोच लावतो. फक्त पहिला आणि शेवटचा नंबर त्यांच्या सहीने लिहून घेतो.