पहिला बल्ब जास्त पेटतो, बाई

सोमवार, २१ जुलै

इंटरअ‍ॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे फळ्यासारखा बोटानं लिहायचा मोठा टचस्क्रीन, आज एकदाचं सुरू झालं. जूनपासून ते नववी ‘ब’च्या भिंतीवर प्लास्टिक पांघरून बसलं होतं, कारण वरच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं आणि आधी पॅनेल की आधी वॉटरप्रूफिंग यावर एकमत होत नव्हतं. शेवटी पॅनेलच दीड फूट डावीकडे सरकवलं. ७५ इंची आहे. मुलांचा पहिला प्रश्न, ‘बाई, यावर मॅच दिसेल का?’

प्रशिक्षण म्हणजे कंपनीचे दोन तरुण येऊन दीड तास बोलून गेले. निम्मा वेळ वाय-फाय जोडण्यात गेला. उरलेल्यात पेनाचा रंग कसा बदलायचा आणि मूठ फिरवून कसं पुसायचं ते शिकलो. हजेरीपत्रकावर सह्या, एक ग्रुप फोटो, चहा. शिकवायचं कसं हा विषय निघालाच नाही. त्या मुलांकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही म्हणा, ती बिचारी विक्री विभागातली.

आज त्यावर धाराविद्युत घेतलं. एकसर जोडणी (बल्ब एकामागोमाग एक, एकाच वाटेवर) निळ्यात, समांतर जोडणी (प्रत्येक बल्बला वेगळा फाटा) लाल रंगात. आकृत्या अशा सुबक की मीच दोन पावलं मागे जाऊन पाहिल्या. वर्ग चिडीचूप, सगळे माना खाली घालून उतरवून घेत होते. घंटा झाली आणि जिना उतरताना लक्षात आलं की चौदा वर्षं खडूनं जे करत आले तेच आज बोटानं केलं. खडूची धूळ तेवढी गेली. माझ्या खोकल्याला विचाराल तर तेही थोडं नाही.

मंगळवार, २२ जुलै

बी.एड.ची मैत्रीण ऐरोलीच्या शाळेत शिकवते. तिनं मे महिन्यात प्लिकर्स दाखवलं होतं, ते आज करायला घेतलं. प्रकार साधा आहे. प्रत्येक मुलाला कागदाचं एक कार्ड. त्यावर काळ्या चौकटींची नक्षी, क्यूआर कोडच्या चुलत भावासारखी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून उपयोग नाही. आणि मुख्य म्हणजे मुलांच्या हातात फोन लागत नाही.

हे ‘मुख्य’ मी लॉकडाऊनमध्ये शिकले. २०२०च्या जूनपासून दीड वर्ष वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर चालवला. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड होते, दीक्षा अ‍ॅप होतं, त्यावर धडे होते. नव्हता तो फोन. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या मुलांचे वडील रिक्षावर नाहीतर वर्कशॉपमध्ये, आणि घरातला एकुलता फोन त्यांच्या खिशात. रात्री दहानंतर गृहपाठांचे फोटो यायला लागायचे. त्यात अर्ध्यांचा प्रकाश पिवळा, वहीवर आईच्या हाताची सावली.

चाळीस कार्डं छापून आणली, वर्ग सदतीसचा. टिकावीत म्हणून हौसेनं लॅमिनेट केली, आणि तिथेच फसले. ट्यूबलाइटचा उजेड प्लास्टिकवर असा चमकतो की कॅमेऱ्याला नक्षीच दिसेना. जेवणाच्या सुट्टीत शिपाई मामांना कार्ड धरून उभं केलं, खिडकीकडून, दाराकडून. ‘बाई, माझं उत्तर चुकलं का?’ म्हणाले. ऐंशी रुपये पाण्यात. पुन्हा साध्या जाड कागदावर छापली.

बुधवार, २३ जुलै

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते.

प्रश्न: एक सेल, दोन अगदी सारखे बल्ब, एकसर जोडणीत. कोणता जास्त पेटेल? ए पहिला, बी दुसरा, सी दोन्ही सारखे, डी सांगता येत नाही.

पस्तीस जण हजर. कॅमेरा फिरवला. ए एकोणीस, बी चार, सी अकरा, डी एक.

सोमवारी ‘एकसर जोडणीत सर्व रोधांमधून सारखीच विद्युतधारा वाहते’ हे वाक्य या सगळ्यांनी वहीत लिहिलं होतं (रोध म्हणजे विद्युतधारेला अडवणारी वस्तू, इथे बल्ब). निळ्या रंगात. चाचणीत गाळलेली जागा दिली असती तर तीसजणांनी ‘सारखीच’ भरलं असतं आणि मी खूश होऊन तीस बरोबरच्या खुणा केल्या असत्या. चौदा वर्षं केल्याच आहेत.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांचं असंच झालं होतं, १९९०च्या सुमारास. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं धडाधड सोडवायचे आणि साध्या, कल्पना तपासणाऱ्या प्रश्नावर अडकायचे. मग त्यांनी व्याख्यान कमी करून वर्गात प्रश्न टाकायला सुरुवात केली: आधी एकट्यानं उत्तर द्या, मग शेजाऱ्याला पटवा, मग पुन्हा उत्तर द्या. त्यांचा अंदाज असा की तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला मजा येते. त्याहून कमी असतील तर पटवणारंच कुणी नसतं. पस्तिसांत अकरा म्हणजे आम्ही जेमतेम काठावर.

उत्तर सांगितलं नाही. ‘शेजाऱ्याला पटवा, तीन मिनिटं’ म्हटलं. जो गोंगाट झाला! शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

दुसऱ्या बाकावरचा आमचा हुशार मुलगा, घटक चाचणीत पैकीच्या पैकी घेणारा, ए चा पुढारी झाला. त्याचं म्हणणं, ‘आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्यांनी नळ सोडला की चौथ्यावर पाणी येत नाही. करंट पण आधी पहिल्याकडे जातो, तो खातो, उरलेला पुढे.’ यात हसण्यासारखं काही नाही. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याचा तो रोजचा अनुभव आहे. घोटाळा एवढाच की नळाच्या त्या पाइपला मजल्यामजल्यावर फाटे फुटलेले असतात, आणि आमच्या आकृतीत एकही फाटा नव्हता. खिडकीजवळच्या मुलीनं त्याला विचारलं, ‘सायकलच्या चेनची पहिली कडी जास्त फिरते आणि शेवटची कमी, असं असतं का?’ हे उदाहरण मला चौदा वर्षांत सुचलं नव्हतं. टाचण वहीत लिहून घेतलं.

पुन्हा कार्डं वर. ए तेरा, बी दोन, सी वीस. मी अजून काही शिकवलं नव्हतं.

मग एक प्रश्न आला आणि माझी खरी परीक्षा तिथे झाली. ‘करंट खर्च होत नाही तर मग सेल का संपतो?’ चेनवाल्या मुलीचंच उदाहरण पुढे ओढलं. चेन झिजत नाही, संपत नाही, फिरून परत येते. दमतो तो पेडल मारणारा. तारेतून जेवढा प्रभार जातो तेवढाच सेलकडे परत येतो. तो फिरवायला सेल जी ऊर्जा देतो ती मात्र बल्बमध्ये उजेड आणि उष्णता होऊन निघून जाते, परत येत नाही. विद्युतधारा आणि ऊर्जा या दोन्हींना आपण बोलताना ‘करंट’ आणि ‘लाइट’ म्हणतो, तिथेच निम्मा गोंधळ आहे. बिल कशाचं येतं, तर ऊर्जेचं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. हे नववीच्या पोरांना एका वाक्यात कळलं असं मी म्हणणार नाही. दोघांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

शेवटी पॅनेलवर फेट लावलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची ही सिम्युलेशन्स, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२मध्ये सुरू केलेली. फुकट आहेत. वायर ओढायची, सेल टाकायचा, बल्ब टाकायचे. निळे ठिपके गोल फिरू लागतात. शॉर्टसर्किट केलं की सेलला चक्क आग लागते, त्यावर पाच मिनिटं गेली. ठिपके दोन्ही बल्बांतून एकाच चालीनं जात होते, दोन्ही बल्ब सारखे उजळले. मला वाटलं झालं.

नळवाला उठला. ‘बाई, स्क्रीनवर काय, रीलमध्ये माणूस पण उडतो.’

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

गुरुवार, २४ जुलै

दीप अमावस्या. घरचे दिवे घासले, कणकेचे दिवे केले. काल रात्री वर्गाच्या ग्रुपवर समांतर जोडणीचा सहा मिनिटांचा व्हिडिओ टाकला होता, ‘बघून या’ म्हणून. चौदा जणांनी पाहिला. ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणतात ते हेच, धडा घरी आणि सराव शाळेत. बर्गमन आणि सॅम्स या अमेरिकेतल्या ज्या दोन शिक्षकांनी २००७मध्ये ते सुरू केलं, त्यांनी इंटरनेट नसलेल्या मुलांना डीव्हीडी करून दिल्या होत्या. म्हणजे फोन नसणारी मुलं तिथेही होती. मी तोच व्हिडिओ जेवणाच्या सुट्टीत पॅनेलवर लावला. डबे खात बघितला. भाजीची चर्चा जास्त झाली.

शनिवार, २६ जुलै

सकाळची शाळा सुटल्यावर जांभळी नाक्याला गेले, टॉर्चचे बल्ब शोधायला. श्रावण लागल्यामुळे फुलवाल्यांपुढे पाय ठेवायला जागा नाही, वर पाऊस. तीन दुकानांत नकार. ‘आता कोण घेतं हो मॅडम, सगळं एलईडी.’ तारेच्या बल्बचा काळ गेला आणि आमच्या पुस्तकातल्या आकृतीला ते कुणी सांगितलं नाही. चौथ्या दुकानात म्हाताऱ्या काकांनी शिडी लावून माळ्यावरून धुळकट खोका काढला. दहाला एक. आठ घेतले. ‘लग्नाचं तोरण का?’ विचारलं. नववीचा प्रयोग म्हटल्यावर वायर फुकट दिली.

सोमवार, २८ जुलै

श्रावणी सोमवार, शाळा अर्धा दिवस. तासही पस्तीस मिनिटांचाच. कोपिनेश्वराच्या रांगेत सकाळी आईला सोडून आले होते.

दोन सेल, होल्डर, दोन बल्ब. मागच्या बाकांना दिसावं म्हणून माझ्या फोनचा कॅमेरा पॅनेलला जोडला. आधी दोन्ही बल्बांच्या जागी नुसते पांढरे गोळे दिसले. कॅमेऱ्याचा उजेड बोटानं खाली ओढल्यावर आतली तार दिसायला लागली. नखाएवढी तार ७५ इंचांवर. गेल्या आठवड्यात मी या पॅनेलला नावं ठेवली, त्यातला काही भाग परत घेते.

स्विच दाबला. पहिला बल्ब जास्त पेटला.

थोडाथोडका नव्हे, स्पष्ट दिसेल इतका जास्त. ए पार्टीनं बाकं वाजवली. माझ्या पोटात गोळा. घरी एकदा लावून बघायला काय झालं होतं, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ नव्हती.

आणि नळवालाच पुढे आला. जिंकला होता, पण त्याला पुरतं जिंकायचं होतं. ‘बाई, बल्बची अदलाबदल करा. आता हा दुसरा पहिल्या जागी लावा, मग हाच जास्त पेटेल.’ मी म्हटलं, तूच कर.

त्यानं बल्ब काढले, जागा बदलल्या, स्विच दाबला. जास्त पेटणारा बल्ब आता दुसऱ्या जागेवर होता आणि अजूनही तोच जास्त पेटत होता.

तो बराच वेळ बघत राहिला. सेल उलटे घालून पाहिले. तेच. मग हळूच, वर्गाला नाही, बल्बलाच म्हणाल्यासारखा म्हणाला, ‘म्हणजे जागेचं काही नाही. हा बल्बच तसला आहे.’

त्यानंतर उरलेले पाच बल्ब एकेक करून सगळ्यांनीच पारखले (सहावा कुणाच्या तरी हातून पडला). त्यातले दोन जवळजवळ सारखे निघाले, ते लावल्यावर उजेड सारखा. तार किंचित बारीक म्हणजे रोध जास्त. विद्युतधारा दोन्हींत सारखीच, तर ज्याचा रोध जास्त त्यात उष्णता जास्त. हे मी सांगायच्या आधी चेनवालीनं अर्धं सांगितलं. फेटमधले बल्ब गणितानं सारखे केलेले असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न कधी उभाच राहिला नसता. कार्डं नसती तर एकोणीस जणांच्या मनात काय आहे ते मला कळलं नसतं. आणि माळ्यावरचा तो धुळकट खोका नसता तर नळवाला आजही मनातून ए वरच असता, पेपरात सी लिहून.

शेवटचं मतदान घ्यायला वेळ उरला नाही.

धड्यात मी आता दोन तास मागे आहे, पुढच्या आठवड्यात घटक चाचणी. टाचण वहीत ‘साधने’च्या रकान्यात ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह पॅनेल’ लिहिलं, पुढे ‘टॉर्चचे बल्ब ८’ लिहून आठाचे सात केले.

उद्याचा प्रश्न तयार आहे: जुने तारेचे बल्ब, एक चाळीस वॅटचा, एक शंभरचा, एकसर जोडणीत लावून घरच्या विजेला जोडले, तर कोणता जास्त पेटेल? स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना सहज विचारलं. पेपर तपासता तपासता मान वर न करता म्हणाले, ‘शंभरचा. त्यात काय?’

मी पर्समधून उरलेल्या तीन कार्डांतलं एक काढून त्यांच्यापुढे ठेवलं.