पैशाने सीट मिळते, स्पीड मिळत नाही म्हणे

फॉर्म्युला वनचे चार फॅन एकत्र आले की गाडी कधी ना कधी पे ड्रायव्हरवर, म्हणजे टीमला पैसे देऊन किंवा स्पॉन्सर आणून सीट मिळवणाऱ्यावर, येतेच, आणि मग तीच ठरलेली वाक्यं, बापाच्या जिवावर आलाय, टॅलेंटच्या नावाने बोंब, एका चांगल्या पोराची सीट खाल्ली वगैरे वगैरे. यातलं बरंचसं मलाही पटतं. पण एक वाक्य असतं ना, "पैशाने सीट मिळते पण स्पीड मिळत नाही", ते ऐकलं की आता डोकं फिरतं. कोण म्हणतं मिळत नाही? बऱ्यापैकी मिळतो की!

लान्स स्ट्रोलचंच घ्या. २०१७ ला विल्यम्स टीममध्ये यायच्या आधी या पोराला टीमच्या २०१४ च्या गाडीत बसवून वेगवेगळ्या ट्रॅक्सवर खास प्रायव्हेट टेस्टिंग करून दिलं होतं, खर्च अर्थातच वडिलांचा, लॉरेन्स स्ट्रोल म्हणजे फॅशनच्या धंद्यातला अब्जाधीश माणूस. आता फॉर्म्युला वनमध्ये सीझन चालू असताना चालू गाडीचं टेस्टिंग २००९ पासून जवळपास बंदच आहे, नवीन पोरांना सरावाला गाडीच मिळत नाही, त्यामुळे जुन्या गाडीत का होईना पण खऱ्या फॉर्म्युला वन गाडीत लॅपमागून लॅप मारायला मिळणं याला काय किंमत आहे विचार करा. ब्रेक कुठे मारायचा, टायर कधी गरम होतात, मानेवर किती ताण येतो, हे सगळं गाडी चालवूनच कळतं आणि ती चालवायला पैसे लागतात. अशाच श्रीमंत बापाच्या निकिता माझेपिननेसुद्धा हास टीममध्ये यायच्या आधी जुन्या मर्सिडीजमध्ये असंच भरपूर टेस्टिंग केलं होतं. मग २०२१ च्या अख्ख्या सीझनमध्ये एक पॉइंट नाही. (गाडी भंगार होती हे मान्य, पण त्याच गाडीतला मिक शूमाकर रोज त्याच्या पुढे असायचा.) म्हणजे विकत घेतलेल्या स्पीडला लिमिट आहे एवढंच. स्ट्रोलचं लिमिट बरंच वर निघालं, बाकूला पहिल्याच सीझनमध्ये १८ व्या वर्षी पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत, २०२० ला तुर्कस्तानात पावसात पोल, म्हणजे रेसला सगळ्यात पुढून सुरुवात. माझेपिनचं निघालं नाही.

आणि हे सगळं वरच्या मजल्यावरचं झालं, खरं घोडं पेंड खातं ते खाली. फॉर्म्युला वनच्या दारात कोणी चेक घेऊन उभा दिसला की आपण चिडतो, पण त्याच्या आधीची दहा-बारा वर्षं कार्टिंग, मग एफ४, एफ३, एफ२ या खालच्या पायऱ्यांवर ग्रिडवरचा जवळपास प्रत्येक पोरगा टीमला पैसे देऊनच गाडी चालवतो. टीम त्याला पगार देत नाही, उलट घेते. एफ२ चा एक सीझन म्हणजे वीस लाख युरोच्या वरचा मामला. मग हे पैसे बाप देतो, स्पॉन्सर देतो, नाहीतर रेड बुल-मर्सिडीजसारख्यांची ज्युनिअर अकॅडमी देते. हॅमिल्टनचे वडील दोन-तीन नोकऱ्या करत होते, मग १९९८ ला मॅकलारेनने पोराला उचललं म्हणून निभावलं. एस्तेबान ओकोनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि सगळं कुटुंब कॅराव्हॅनमध्ये राहिलं. या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो आणि सांगाव्याच, पण ज्यांच्याकडे विकायला घरच नव्हतं त्यांची नावं सांगा बरं? नाही सांगता येणार, कारण ती पोरं कार्टिंगच्या पुढे आलीच नाहीत.

लँडो नॉरिसचे वडील चांगले गडगंज, पण त्याला कोणी पे ड्रायव्हर म्हणत नाही, कारण तो पोचला तोवर एफ३ जिंकून मॅकलारेनचा झाला होता, पैशाचं काम आधीच होऊन गेलं होतं. माझं म्हणणं एवढंच की पे ड्रायव्हर ही शिवी आपण फक्त त्याला देतो ज्याचं बिल आपल्यासमोर फाटतं.

जो जिंकतो त्याचं तर आपण विसरूनच जातो. निकी लाउडा! घरचे श्रीमंत पण आजोबांचा रेसिंगला कडक विरोध, एका बँकेने स्पॉन्सरशिप द्यायचं कबूल केलं तर आजोबांनी वजन वापरून तेही मोडलं, मग या पठ्ठ्याने दुसऱ्या बँकेकडून आयुर्विमा तारण ठेवून कर्ज काढलं आणि मार्च टीमची सीट घेतली. १९७३ ला बीआरएम टीमची सीटही पैशाच्याच बोलीवर. म्हणजे व्याख्येप्रमाणे शंभर टक्के पे ड्रायव्हर. १९७४ ला फेरारी, १९७५ ला वर्ल्ड चॅम्पियन, नंतर अजून दोनदा. मायकेल शूमाकर १९९१ ला स्पाच्या ट्रॅकवर जॉर्डन टीमच्या गाडीत बसला तेव्हा सुद्धा मर्सिडीजने त्या एका रेससाठी दीड लाख डॉलर मोजले होते. रेसचा सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या क्वालिफायिंगला सातवा आला, रेसमध्ये पहिल्याच लॅपला क्लच गेला, पण तोवर ज्याला कळायचं त्याला कळलं होतं. आपला नारायण कार्तिकेयन २००५ ला जॉर्डनमध्ये टाटाचं पाठबळ घेऊनच आला होता, ते आपण अभिमानाने सांगतो, तिथे बरा राग येत नाही.

बरं टीमवाले तरी काय करणार. छोट्या टीमना सीट विकल्याशिवाय सीझन निघायचा नाही अशी अवस्था कित्येक वर्षं होती. यातला सगळ्यात भन्नाट किस्सा २०१५ चा साउबर टीमचा. गीडो व्हान डर गार्डेबरोबर त्या सीझनचा करार झालेला, त्याच्या स्पॉन्सरचे पैसेही ॲडव्हान्समध्ये घेतलेले, आणि मग टीमने एरिक्सन आणि नास्र या दोघांना सीट देऊन टाकल्या, तेही अर्थात पैसे घेऊन येणारेच. हा थेट कोर्टात गेला, आणि मेलबर्नच्या रेसच्याच आठवड्यात तिथल्या कोर्टाने निकाल दिला त्याच्या बाजूने! शुक्रवारी हा पिटमध्ये हजर, एरिक्सनचा सूट अंगात घालून. गाडी शेवटी चालवली नाहीच, भरपाई घेऊन विषय संपवला. पैसे देऊनही सीट न मिळालेला पे ड्रायव्हर, घ्या.

आता खरोखरच नको होते असेही होते, नाही असं नाही. ताकी इनोउए हे नाव आठवत असेल तर तुम्ही जुने जाणकार. १९९५ ला मोनॅकोला त्याची बंद पडलेली गाडी ओढून आणत असताना सेफ्टी कार येऊन धडकली आणि गाडी उलटली, त्याच वर्षी हंगेरीत गाडीला आग लागली म्हणून हा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावला तर मदतीला आलेल्या गाडीनेच त्याला उडवलं. बिचाऱ्याची यात चूक काय हा वेगळा प्रश्न. १९९६ ला १०७ टक्क्यांचा नियम आला (मध्ये काही वर्षं नव्हता), पोलच्या वेळेच्या १०७ टक्क्यांहून जास्त वेळ लागला तर घरी जा, आणि २०१६ पासून सुपर लायसन्सला, म्हणजे फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याला, तीन वर्षांत ४० पॉइंट्स लागतात. त्यामुळे आता अगदीच कच्चा माणूस वर येऊ शकत नाही. पण ते पॉइंट्स कमवायचे कुठे? एफ३-एफ२ मध्ये, म्हणजे परत जिथे सगळे पैसे देऊनच चालवतात तिथेच.

माल्डोनाडोवर वेगळा लेख होईल. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीच्या पैशावर आलेला, अर्धा सीझन कोणाला ना कोणाला ठोकत फिरायचा, आणि २०१२ ला बार्सिलोनात पोलवरून सुरू करून अलोन्सोला मागे ठेवून चक्क जिंकला! विल्यम्सचा त्यानंतर आजपर्यंत एकही विजय नाही. आणि तो पेत्रोव्ह, २०१० ला अबूधाबीला टायटलच्या शर्यतीत पुढे असलेल्या अलोन्सोला लॅपमागून लॅप मागे अडकवून बसला आणि वर्ल्ड टायटल गेलं व्हेटेलकडे. पैसे घेऊन आलेल्या ड्रायव्हरने चॅम्पियनशिप फिरवली.

मला खरा त्रास होतो तो फेलिपे द्रुगोविचचा. २०२२ चा एफ२ चॅम्पियन, लायसन्स, पॉइंट्स सगळं जागेवर, आणि नोकरी कुठे मिळाली तर ॲस्टन मार्टिनमध्ये रिझर्व्ह म्हणून, जिथे टीमचा मालक लॉरेन्स स्ट्रोल आणि एका सीटवर त्याचा मुलगा. त्याच सालचा एफ२ मधला चौथा, सार्जंट, विल्यम्समध्ये बसला. २०२३ चा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर लान्स सायकलवरून पडला, मनगटं मोडली, टेस्टिंगला द्रुगोविचला बसवलं, आणि आम्ही सगळे म्हणालो चला, आता तरी. तर लान्स ऑपरेशन करून बहरैनच्या रेसला आला, गॅरेजमध्ये गाडीत चढताना-उतरताना त्रास होत होता ते दिसत होतं, आणि सहावा आला. आता यावर काय बोलायचं सांगा? त्या दिवशी त्याला शिव्या घालता येईनात आणि द्रुगोविचचं वाईटही वाटत होतं. द्रुगोविच नंतर काही वर्षं तिथेच हेल्मेट घेऊन बसून राहिला आणि मग अँड्रेटी टीमकडून इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये गेला, फॉर्म्युला वनची एकही रेस न खेळता.