गेला रुपया

"३४० झाले, ताई."

मला वाटलं, मेडिकलवाला माझ्या आधीच्या काकूंचं बिल सांगतोय. नाही, माझंच होतं. डोळे कोरडे पडतात म्हणून घालायचे साधे थेंब, बाटली करंगळीएवढी, १० मिली.

दादर स्टेशनच्या गर्दीत उभी राहून लेबल वाचलं. (अक्षर इतकं बारीक, की आधी थेंब घालून मग वाचावं!) कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज (डोळ्यांना ओलावा देणारा घटक) ०.५ टक्के. म्हणजे अख्ख्या बाटलीत ५० मिलिग्रॅम. बाकी जवळपास पाणीच. वर त्याने बजावलं होतं, "उघडल्यावर महिनाभरच हां, मग उरलं तरी फेकायचं."

रात्री आईने थेंब घातला. निम्मा गालावर ओघळला. डोळ्यात मावतं साधारण ३० मायक्रोलिटर, म्हणजे ०.०३ मिली, आणि बाटलीतून पडणारा थेंब बहुतेक वेळा त्याहून मोठा. आई पदराने गाल पुसत म्हणाली, "गेला रुपया."

मी हसले, मग मोबाईलवर हिशेब केला. बाटलीत साधारण २०० थेंब धरले तर एक थेंब १ रुपया ७० पैशांना. निम्मा ओघळला, म्हणजे ८५ पैसे. आईचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

शनिवारी जनऔषधी केंद्रात विचारून बघणार आहे. तुम्ही कुठून घेता? आणि कितीला?