त्रिकोणासन आणि घरातली एक मोकळी भिंत

त्रिकोणासन, म्हणजे पाय फाकवून एका बाजूला झुकायचं, एक हात खाली आणि दुसरा सरळ वर. ते घरी करायचं तर आधी एक मोकळी भिंत हवी. आमच्या हॉलमध्ये त्यासाठी शोकेस सरकवावं लागलं, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

माझा मानेचा त्रास जुना. हाडांच्या डॉक्टरांनी उभ्याने करायच्या आसनांना परवानगी दिली ती एका अटीवर: मान मागे टाकायची नाही, वर बघायचं नाही. त्यामुळे वरच्या हाताच्या अंगठ्याकडे नजर लावलेलं, फोटोतलं त्रिकोणासन माझ्यासाठी पहिल्यापासून बाद. माझी नजर समोर, दमले की खाली.

आसनांना साधनांचा आधार देऊन शिकवणारे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि १९७५ मध्ये त्यांची संस्था इथेच उभी राहिली. त्यामुळे वीट, पट्टा, खुर्ची घेऊन आसनं शिकवणारे शिक्षक पुण्यात सहज भेटतात. मीही अशाच एका ताईंकडे शिकले. त्यांचं पहिलं सांगणं, ‘हात कुठवर पोचतो ते मागाहून बघू. आधी पाय.’

घरी मी पाठ भिंतीकडे करून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभी राहते. पोट रिकामं, पाय अनवाणी. सतरंजी घसरते, म्हणून फरशी पुसून, पूर्ण वाळवून तिच्यावरच. पावलांत साधारण तीन फुटांचं अंतर. उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत. उजव्या टाचेची रेघ डाव्या पावलाच्या कमानीवर यायला हवी.

सगळ्यात जास्त वेळ मी गुडघ्याला देते. मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर ओढायची आणि ती दुसऱ्या बोटाच्या दिशेला आहे ना, हे खाली वाकून बघायचं. पाऊल एकीकडे आणि गुडघा आत वळलेला, अशा अवस्थेत वजन टाकलं तर पीळ सांध्याला बसतो. ज्यांचा गुडघा मागे जास्त जातो, त्यांनी पोटरी किंचित पुढे दाबावी. हे जमेपर्यंत मी हात खाली नेतच नाही, आणि माझ्या मते नेऊही नये.

मग उजव्या पावलाच्या बाहेर लाकडी वीट उभी ठेवायची. श्वास सोडत कमरेतून न मोडता जांघेतून बाजूला झुकायचं आणि हात विटेवर टेकायचा. इथे भिंत कामाला येते. नितंब आणि खांदे तिला टेकलेले असले की धड पुढे कलंडलेलं लगेच कळतं. वीट न घेता हात जमिनीला लावायला गेलं की वरचा खांदा भिंतीपासून सुटतो आणि छाती जमिनीकडे वळते. मला उंच विटेवर उघडी राहिलेली छाती कितीतरी मोलाची वाटते.

मांडीच्या मागे ताण येतो, तो चालतो. गुडघ्यात किंवा कमरेत टोचलं, हाताला मुंग्या आल्या, डोकं गरगरलं, की लगेच वर. श्वास रोखला जातोय असं जाणवलं तरी वर. एरवी अर्धा मिनिट पुरतो.

वर येतानाही घाई नको. मागची टाच जमिनीत दाबायची, श्वास घेत यायचं. कंबर भरलेली असेल त्या दिवशी मी पुढचा गुडघा वाकवून येते. मग क्षणभर ताडासनात, म्हणजे पाय जुळवून ताठ उभं, थांबून डावी बाजू. माझी डावी बाजू आखडलेली आहे, म्हणून तिथे विटेखाली आणखी एक वीट.

हल्ली आईही माझ्याबरोबर करते. तिचा रक्तदाब जास्त असतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली. तिची नजर समोरच, वरचा हात कमरेवर आणि खालचा हात विटेऐवजी लोखंडी घडीच्या खुर्चीच्या बैठकीवर. प्लास्टिकची खुर्ची वाकते, तिचे पाय फाकतात, म्हणून ती मी वापरू देत नाही. लोखंडी खुर्चीही भिंतीला टेकवूनच ठेवायची, आणि आई वर येईपर्यंत मी तिच्या पाठीशी उभी असते.