मोकळ्या खुर्च्या

17 ऑगस्ट 1990, शुक्रवार. न्यूयॉर्कमधल्या एका विमान कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मी डिस्पॅचर होतो, म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि वजन यांचा हिशोब मांडणारा. इराकनं कुवेत घेऊन पंधरवडा झाला होता. त्या दिवशी अमेरिकी हवाई दलाचा आदेश आला: नागरी राखीव ताफ्याचा पहिला टप्पा लागू, म्हणजे ठरलेली प्रवासी आणि मालवाहू विमानं खासगी कंपन्यांनी सैन्याच्या कामाला द्यायची. 1951 साली आखलेली ही योजना पहिल्यांदाच वापरात येत होती. सगळ्या कंपन्यांची मिळून 38 विमानं, आणि हाताशी 24 तास. आमच्याकडून हवं होतं एक बोइंग 747, म्हणजे जंबो जेट.

तेच विमान शनिवारी संध्याकाळी लंडनला जायचं होतं, अगदी भरून. पुढच्या फ्लाइटलाही जागा नव्हती, रविवारीही नव्हती. शेजारच्या टेबलावरचे आमचे सीनियर बुकिंगचे आकडे बघत म्हणाले, “पूर्वी अशा वेळी दोन फ्लाइट्सची एक करून टाकायचो.”

ते खरंच होतं. 1978 पूर्वी भाडी आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवायचं, कितीतरी विमानं निम्मी रिकामी उडायची. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि भाडी उतरली. ज्यांनी कधी विमानात पाय ठेवला नव्हता ते प्रवास करू लागले, याचा मला आजही आनंद आहे. पण रिकामी खुर्ची म्हणजे निव्वळ तोटा, असा हिशोब सुरू झाला. अडीअडचणीला तीच खुर्ची देशाच्या उपयोगी पडेल, याचे पैसे कंपनीला कोण देणार होतं?

स्पर्धेत कंपन्याही बुडत होत्या. पॅन ॲम या बड्या अमेरिकी विमान कंपनीच्या 747 विमानांमध्ये सरकारनं स्वतःच्या खर्चानं रुंद मालदरवाजे आणि मजबूत फरशी बसवून घेतली होती, युद्धात जड सामान नेता यावं म्हणून. डिसेंबर 1991 मध्ये पॅन ॲमच बंद पडली.

आदेश आला त्या रात्री मी आमच्या 747चा हिशोब मांडायला बसलो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या हंटर लष्करी तळावरून सैनिक घ्यायचे, युरोपात इंधन भरायचं आणि पुढे सौदीतलं धाहरान. माणशी वजनाचा नेहमीचा सरासरी आकडा इथं चालणार नव्हता. प्रत्येकाजवळ रायफल, हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, पाठीवरची भरलेली पिशवी. मी तिसऱ्यांदा बेरीज केली. ऑगस्टच्या उकाड्यात हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी पडते. वजन चुकलं तर धावपट्टी अपुरी पडायची. शेवटी थोडं सामान मागे ठेवायला सांगितलं. पलीकडचा अधिकारी क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं.”

पहाटे रिकामं विमान हंटरकडे निघालं. लंडनच्या तिसाहून जास्त प्रवाशांची अजून सोय लागली नव्हती. मी पुन्हा दुसऱ्या कंपनीला फोन लावला. त्यांच्याकडेही सगळं भरलेलं होतं.